मुंग्या

केबलवाल्या खुशालनं वायर कापली
त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा सीताबर्डीच्या फुटपाथवरून
अँटेना घेऊन आले. घरात ठेवायची.
पासष्ट रुपये. एक बूड, दोन कान,
त्यातला एक सायकलवरून येतानाच मोडलेला.
मोडक्या कानाला त्यांनी फणीची तार गुंडाळली,
मागे जर्मनचं ताट उभं केलं, म्हणाले,
हवेतून फुकट येऊन राहिलं बाई सगळं,
आपल्याले फक्त पकडता आलं पाहिजे.

टॉवर पश्चिमेला, सेमिनरी हिल्सवर.
आमची खोली गोळीबार चौकात.
मध्ये मोमिनपुरा, रेल्वेचे रूळ, सदरच्या इमारती,
आणि भिंतीला भिंत लावून हेडाऊंचे चार पॉवरलूम.
लूम सुरू झाले की बातम्या सांगणारीच्या कपाळावरून
आडवे धागे सरकायचे.
बाबा म्हणायचे, पाहा, तिलेही विणून राहिले.

कूलरचं तर विचारूच नका.
मे महिना. कूलर लावला की चित्र जायचं,
चित्र लावलं की जीव.
आईनं कायदा केला: बातम्यांपुरता कूलर बंद.
घामाच्या धारांत बसून आम्ही ऐकायचो
नागपूर, कमाल, शेहेचाळीस,
आणि एकमेकांकडे बघून मान डोलवायचो,
जणू पक्की खबर आत्ता मिळाली.

मग एकदा ते लोक कॅमेरा घेऊन आले.
शेतीच्या कार्यक्रमात मधेच थोडं हातमागाचं.
बाबांना मागाच्या खड्ड्यात बसवलं,
लग्नात घालायचा पांढरा शर्ट घालायला लावला,
धोटा उगाच चारदा फेकायला लावला,
म्हणाले, मंगळवारी दाखवू.

मंगळवारी खोलीत चौदा माणसं.
हेडाऊंनी लूम बंद ठेवले.
खुशालसुद्धा आला, चपला हातात घेऊन दारातच थांबला.
आणि नेमक्या वेळेला मुंग्या.
पडदाभर मुंग्या.
कान वर, कान खाली, ताट डावीकडे, ताट उजवीकडे,
मी कंटाळून फणीच्या तारेला हात लावला
आणि चित्र बसलं.
हलू नको वं पोरी!
चौदा तोंडांतून एकदम.

मी टीव्हीच्या मागे. हात वर. तोंड लोकांकडे.
मला दिसत होती पेटीची पाठ,
तिची भोकं, आतला नारिंगी उजेड.
बाबांचा आवाज आला, पण पुस्तकातला:
आम्ही पहाटे पाच वाजता काम सुरू करतो.
करतो!
घरी जन्मात कधी करतो म्हणाले नव्हते,
करून राहिलो म्हणायचे.

परातेकाकूंच्या चष्म्यात दोन बाबा होते,
तांदळाएवढे, उलटे, डावखुरे,
दोघंही एकाच वेळी धोटा फेकणारे.
काकूंनी डोळे पुसायला चष्मा काढला
आणि माझे दोन्ही बाबा गेले.

तोवर पडद्यावरच्या मुंग्या माझ्या हातात आल्या होत्या.
बोटं, मनगट, कोपर,
खांद्यापर्यंत चढत होत्या.
खरे बाबा सगळ्यांच्या मागे, माठाजवळ उभे.
पडद्याकडे बघतच नव्हते.
माझ्या हाताकडे बघत होते.
आवाज न करता ओठांनी विचारलं,
दुखून राहिला का?
मी मान हलवली.
तेवढ्यानंही चित्र गेलं, लोक ओरडले,
मी परत दगड झाले.

सव्वा मिनिट असेल.
मग गाजरगवत, ते मुळासकट कसं उपटावं.
आईनं कूलर लावला.

त्या सव्वा मिनिटाची टेप कुणाकडेच नाही.
बाबाही नाहीत. पाहणाऱ्यांतले पाच जण उरलेत.
परवा परातेकाकूंना विचारलं,
काकू, बाबा कसे दिसत होते हो?
बराच वेळ आठवलं त्यांनी, तोंडातली सुपारी थांबवून.
चांगले दिसून राहिले होते, म्हणाल्या.
पण तू लय हलून राहिली होती.