परतीचा माल

जागेचं नाव अल सजा.
मराठीत याचा अर्थ काय होतो
ते मी इथं कुणाला सांगत बसलेलो नाही.
शारजाहच्या मागच्या अंगाला, सिमेंटच्या गाड्यांच्या धुळीत
शेड क्रमांक चौदा,
आणि दारापासून तिसरं टेबल माझं.

लोक वस्तू परत पाठवतात तेव्हा
कारणाच्या चौकटीत एकदोन शब्द लिहितात.
रंग आवडला नाही. उशिरा आलं. नवरा ओरडला.
अर्धी वापरलेली अत्तराची बाटली: वास वेगळा आहे.
केसांवर मारायचा फवारा; टोपण नाही, कारणही नाही.
एका पॉवर बँकेवर नुसतं: तापते.

हरभऱ्यात शिरलेल्या वासरासारखी
ती फुगलेली असते.
वजन फार नाही, तरी मी दोन्ही हात लावतो.
हिला विमान नाही.
टोकांवर चिकटपट्टी, एकेकीला वेगळी पिशवी,
भोवती लाह्यांसारखं फुललेलं ते खनिज, गळ्यापर्यंत,
बाहेर कोपऱ्यावर उभा चौकोन,
काळे पट्टे, खाली नऊचा आकडा.
आणि कागद. कागदावर खरं.
खरं लिहिलं की भाडं तिप्पट,
म्हणून तर लोक ‘कपडे’ लिहितात.

मागच्या रमजानात कुवेतहून असेच ‘कपडे’ आले.
इफ्तारला दहा मिनिटं होती,
माणसं खजूर हातात धरून घड्याळाकडे बघत होती.
खोक्याच्या शिवणीतून आधी गोडसर वास,
मग पांढरा धूर, रेघेसारखा सरळ.
टेकबहादूरनं ते फावड्यावर घेतलं, उन्हात नेलं,
बादली पालथी केली.
त्याच्या मनगटावर आता चिंचोक्याएवढा डाग आहे,
घड्याळ तो दुसऱ्या हातात बांधतो.

बाहेर नजर पोचेल तिथपर्यंत वाळू,
आणि बादलीतली वाळू आम्ही पोत्यानं विकत आणतो,
चाळलेली, कोरडी, पावतीसकट.
साहेब म्हणतात, ही वेगळी.

मंदाताईला परत पाठवलं तेव्हा मी नववीत होतो.
रात्रीच्या एसटीनं, एकटीला,
ट्रंकेवर अजून सासरचंच नाव.
वडिलांनी पोस्टातून फोन लावला तर
तिकडून दीर बोलला: फार तापट आहे.
एवढंच. चौकटीत मावेल इतकं.
आत काय मोडलंय ते कुणी उघडून बघितलं नाही.
आम्ही ट्रंक माळ्यावर टाकली
आणि तिला चुलीपाशी बसवलं.
हो, चुलीपाशीच.
आळीतलं कुणी विचारलं की आई म्हणायची,
आलीय चार दिवस राहायला.
तेही आमचं ‘कपडे’च होतं,
हे मला कळायला
अल सजापर्यंत यावं लागलं.

परवा तिनं विचारलं, तू तिथं नेमकं करतोस काय रे?
सांगितलं सगळं. पट्टी, पिशवी, लाह्या, नऊ.
बराच वेळ ती बोलली नाही,
मागं तिच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता.
मग म्हणाली,
फुगलेलीला दाबायचं नाही,
एवढं नव्या पोरांना सांगत जा.
म्हटलं, ते आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो.
पहिल्याच दिवशी? ती म्हणाली.
तेवढ्यात कुणी ज्वारी घेऊन आलं, आणि फोन ठेवला.

गुरुवारी जहाज आहे.
तापते म्हणून आलेल्या त्या एकीच्या पेटीत
मी जरा जास्तच दाणे ओतले.
रोवेनानं काट्यावरचं वजन बघितलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि काही न विचारता सही केली.