पंखा कुणाचा

फॉर्मवर पहिलाच रकाना: घर क्रमांक.
इथं घरं पिंपांवर तरंगतात.
तोन्ले सापचं पाणी उतरू लागलं की दोर सोडून
पाण्यामागे निघून जातात.
गेल्या खेपेला ज्या दाराला मी होडी बांधली होती
तिथं आज चिखल, आणि एक बगळा
घरमालकासारखा उभा.

विचारत विचारत गेले.
"ता न्हेम? खोकणारा ना?"
शेवया विकणारी वल्हं न थांबवता म्हणाली,
"आवाजाच्या रोखानं जा."

म्हाताऱ्यानं ठेवणीतला सदरा घातला होता,
बटणं एका काजानं चुकलेली.
मी येणार म्हणून म्हातारीनं चटई धुतली होती,
खारवलेल्या माशांचा रांजण मागं सारला होता
आणि माझ्यासमोर पंखा लावला, बॅटरीवरचा.
गरगर.
माझे कागद उडायला लागले.
वजन म्हणून मी त्यांवर
थुंकी तपासायची रिकामी डबी ठेवली.

अकरावा प्रश्न: छप्पर कशाचं?
बारावा: होडीला इंजिन?
चौदावा: घरात विजेवर चालणारं काय काय?
प्रत्येक वस्तूला गुण.
गुण वाढले की कार्ड गेलं,
कार्ड गेलं की सिएम रीपच्या इस्पितळात
एक्स-रेचे, औषधाचे,
उशाशी बसणाऱ्या बाईच्या भाताचेसुद्धा
पैसे पदरचे.
अशी ही परीक्षा, जो नापास तो वाचला.

"पंखा कुणाचा?"
"आमचाच," ता न्हेम ताठ बसून म्हणाला,
आणि खोकल्यानं त्याला मधोमध दुमडलं.

हा पंखा मी ओळखते.
मंगळवारी तो चेंदाकडे होता.
एक पातं हिरवं, तारेनं जखडलेलं.
त्याआधी वुथी सुताराकडे.
जिथं माझी होडी लागायची असते
तिथं तो माझ्याआधी पोचतो.
अख्ख्या वस्तीत पंखा एक
आणि पाहुणी मी एकटी.

"बंद करा," मी म्हटलं, "मला वारा सोसत नाही."
"घाम तर बघ तुझा," म्हातारी म्हणाली.
तरी बंद केला.
उसन्या वस्तूंसाठी रकाना नाही.
चौदा नंबरपुढे मी पेन टेकवलं, उचललं,
शेवटी एक रेघ मारली.
कचेरीत विचारतील. विचारू देत.

डबी हातात देताना त्याला सांगितलं:
सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोलवरचं.
तो डबीत पाहत राहिला.
"कार्ड आलं आणि घर पुढं सरकलेलं असलं तर?"
"मी शोधीन," म्हटलं.
आज शोधायला दोन तास लागले होते,
ते नाही सांगितलं.

परत फिरले तर पुढं एक पोरगा,
पितळी परातीएवढ्या होडीत,
मांडीवर पंखा घेऊन जिवाच्या आकांतानं वल्हवत.
पुढचं घर माझ्या यादीत होतं.

मी वल्हं पाण्याबाहेर काढलं.
त्याला आधी पोचू दे.