भुतं भाड्याने

नवरात्र उठलं की
दुकानातल्या नऊ देव्यांची मी डांबरगोळ्या घालून घडी करते.
गॅदरिंगला अजून दोन महिने.
तोवर मावळ्यांच्या मिशा कसरीपासून वाचवायच्या,
एवढाच भुसावळात माझा धंदा.

अशात सहा पोरं चपलांसकट आत आली.
"मावशी, भुतं भाड्याने आहेत का?"
मी आधी काउंटरखाली वाकून बघितलं.

हॅलोविन म्हणे. एकतीस तारखेला, फालकांच्या गच्चीवर.
भोपळ्याला डोळे कोरायचे, आत दिवा लावायचा.
म्हटलं, भोपळा आमच्यात घारग्यांत जातो.
तुम्ही बामणोदचं वांगं घ्या, दीड किलोचं,
पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजा अन् साल ओढा.
इतका मेलेला चेहरा कुठल्या भोपळ्याला जमायचा नाही.

कल्पक झोपेला रक्त पिणारे दात हवे होते.
केळीचे लांब वेफर वरच्या ओठाखाली खोचून दिले
(जिना चढेपर्यंतच टिकले, पुढे कळलं).
मुग्धा फालकला हडळ व्हायचं होतं:
पुठ्ठ्याचे पाय कापले, टाच पुढे,
परकराखालून दिसतील एवढेच.
जिनिंगमधला कापूस डिंकाने गालांना लावला,
ओम जंगलेचं शंभर वर्षांचं पिशाच्च तयार.
सारखं शिंकत होतं. असेल, पिशाच्चालाही धुळीचा त्रास असेल.
जुळ्या दोघींना वाळक्या केळपानांचे झगे.
चालल्या की सळसळ;
ती ऐकली की सावद्याकडच्या माणसाला
आधी बिबट्या आठवतो, मग देव.

खेळही सांगितले, फुकट.
अंधारात ताटं मांडा. भिजवलेल्या शेवया ही आतडी,
उकडलेले आवळे हे डोळे,
काळीज म्हणून तेच वांगं, कोमट असताना.
दोरीला केळं टांगा, हात मागे बांधून खा.
शेवटी एकाचे डोळे बांधा,
बाकीच्यांनी त्याच्या कानाशी जाऊन नुसतं "हुं" म्हणायचं.
ओळखलं की भूत बाद.

सहावा दारातच उभा होता.
भावेश कोळी, कल्पकच्या बाकामागचा.
काय हवं विचारलं तर खाली बघून म्हणाला,
"मले कोनी वयखलं नई पाहिजे."
जादूच्या प्रयोगाचा काळा पडदा होता, आठ फुटी.
तो दिला.
त्याने वळचणीचा उडालेला बल्बही मागितला,
गळ्यात बांधला अन् म्हणाला, "लोडशेडिंग."

दुसऱ्या दिवशी सगळे कपडे परत करायला आले
आणि एकदमच बोलायला लागले.
साडेआठला खरंच लाईट गेली म्हणे.
गच्चीभर ओरडा: "ए लोडशेडिंग, बस कर ना!"
फालककाका तर मनापासून घाबरले, त्यांचं मोटारीचं पाणी राहिलं होतं.

मेणबत्तीत "हुं"चा खेळ झाला.
कल्पकचे डोळे बांधले.
मुग्धाला त्याने हसण्यावरून पकडलं,
ओमला शिंकेवरून, जुळ्यांना पानांवरून.
मग एक "हुं" आला.
त्याने वॉचमनचा मुलगा सांगितला.
शेजारचा आदी सांगितला.
कोपऱ्यावरच्या वेफरवाल्याचा नातू सांगितला,
जो आलाच नव्हता.
पुन्हा "हुं". पुन्हा.
सगळी भुतं गप्प झाली.
कल्पकने फडकं न सोडता विचारलं, "कोण आहे रे?"

"मी हाये ना भो.
जूनपासून तुझ्या मागे बसतो."

बक्षीस होतं, एक डझन केळी.
ती त्याने तिथेच सोलून वाटली,
असं जुळ्या सांगत होत्या, आणि भावेश
पडद्यावरचं मेण नखाने खरवडत होता,
मधेच त्यांचं चुकलेलं दुरुस्त करत होता.
अकरा, बारा नव्हती. एक काळं निघालं.

वहीत मी लिहिलं:
कोळी भावेश. अंधार, एक नग. परत मिळाला.
बल्ब त्याने ठेवून घेतला.
त्याचे पैसे मी लावले नाहीत.