पहिली फेरी धरू नये

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
माझं टेबल. खाली यंत्र घरघरतं,
वर मी एका छोट्या आज्ञेचं मदतीचं पान लिहिते.
दुसऱ्या आज्ञा किती वेळ खातात, एवढंच ती मोजते,
काळ्या खिडकीत, पांढऱ्या अक्षरांत.

जुन्या पानावर होतं:
वॉर्मअप – मोजणीआधीच्या फेऱ्यांची संख्या.
वाक्य बरोबर आहे.
सुरमईला मासा म्हणण्याइतकं बरोबर.

कुणीतरी ईमेल पाठवली होती, खाली नाव नाही:
दहा वेळा चालवलं, दहा आकडे आले,
यातला खरा कुठला?
पानाकडे त्याला द्यायला एवढंच होतं:
फक्त चालवा. सोपं आहे.

धक्क्यावर लवू गिरप लाँचचं इंजिन उघडून बसलेला.
हँडल मारलं. खोकलं, धूर, बंद.
पुन्हा.
तिसऱ्यांदा धरलं.
मी सवयीने घड्याळ लावून होते.
वर न बघता म्हणाला,
"पयल्याचा काय धरू नको. इंजिन थंड आसता."

तीन दिवस शोधत होते मी ही दोन वाक्यं.

मग विचारलं, खडकातल्या दीपगृहापर्यंत किती वेळ लागतो?
"दीड तास."
थांबला.
"सुकती आसली तर. वारो आडवो इलो तर दोन.
गेल्या मंगळवारी चार लागले, पण पंख्यात जाळा अडाकला हुता,
ता वायला."

त्याच्या तोंडून आकडा कधी एकटा बाहेर पडत नाही.
सोबत पाणी असतं, वारा असतो,
आणि जे धरायचं नाही
तेही विसरलेलं नसतं, बाजूला ठेवलेलं असतं.
आमचा आकडा मात्र अधिक-उणे लावून उघडाच उभा,
त्या चिन्हाचा अर्थ सातव्या परिच्छेदात, बारीक अक्षरांत.

वर आले. चार ठिकाणचं "फक्त" खोडलं.
"सोपं आहे" काढलं; ज्याला अवघड गेलं
त्याला ते शिवीसारखं लागतं.
लिहिलं: पहिली फेरी थंड असते,
तिला सगळं डिस्कवरून ओढून आणावं लागतं,
दुसरीला तेच हाताशी मिळतं.
थंड मोजायचंय की तापलेलं, ते आधी ठरवा.
एखादी फेरी फारच लांबली तर लपवू नका,
जाळं कुठे अडकलं ते बघा.

(जाळं नंतर खोडलं. मग परत लिहिलं.)

संध्याकाळी लवूला वाचून दाखवलं.
चिंधीला हात पुसत त्याने विचारलं,
"ह्या वाचतलो कोण?"
रात्री दोन वाजता ज्याचा आकडा जुळत नाही, तो.
"मगे थयसूनच सुरू कर."

मी तर इन्स्टॉल कसं करायचं, तिथून सुरू केलं होतं.

पान उलटं केलं. आता पहिली ओळ:
दहा वेळा चालवून दहा आकडे आले? तसेच येतात.
दुसरीवर अडले आहे.
खाली लाद्या फोडतायत,
एकही घाव आधीच्याएवढा पडत नाही.