सुराची जागा

अर्जात छापलंय : कला सादर करतानाचा फोटो,
चेहरा स्पष्ट दिसावा, पाच बाय सात.
म्हणून परुळे तिठ्यावरचा स्टुडिओ बंद करून
मी निवतीला उतरले, कॅमेरा स्कूटीच्या डिकीत,
तर लवू देवळी अंगणात तयारच बसलेले,
कडक धोतर, केशरी फेटा, मांडीवर सनई,
भर बाराच्या उन्हात.

बाराचं ऊन माणसाचे डोळे काढून नेतं.
भुवयांखाली दोन खड्डे उरतात,
आणि मिशी नसलेल्यालाही नाकाखाली मिशी फुटते.
म्हटलं, काका, आत बसूया.

आत काळोख, सारवणाचा गारवा,
छपरात एकच काचेचं कौल.
त्यातून जमिनीवर उजेडाचा चौकोन पडलेला,
जेवायच्या पाटाएवढा.
ते सवयीने त्यावरच बसायला गेले.
मी हाताला धरून वीतभर मागे घेतलं :
उजेडात नाही, उजेडाच्या शेजारी.

गळ्याला खालून थोडा हवा होता.
शेजारचा पोरगा बंदरावरून झाकण घेऊन आला,
मासळीच्या पेटीचं, थर्माकोलचं,
बर्फाने ओलं, बांगड्याच्या वासाचं.
चौकोनात ते तिरकं धरलं
आणि हनुवटीखालच्या शिरा वर आल्या,
ओहोटी गेल्यावर वाळूत पाण्याच्या खुणा दिसतात तशा.
एक गाल उजळ, दुसरा सारवणाच्या रंगाचा.
सनईच्या पितळी तोंडाशी एक ठिणगी.
मला वाटलं, झालं.

त्यांनी पत्ती जिभेवर भिजवली. सनई उचलली.
खाली ठेवली.
‘गाल फुगवलेलो फोटो नको, बाय. बेडूक दिसतंय मी.’
मी हसले. ते नाही.
मग बऱ्याच वेळाने,
‘वाजवल्यासारख्या करूक जमाचा नाय.
सूर धरूक कोण नाय.’

म्हटलं, फोटोत आवाज येत नाही, काका.
‘माका म्हायत आसा. पण माझ्या कानात?’

बाबली. धाकटा भाऊ.
चाळीस वर्षं उजव्या खांद्यामागे बसून
एकच स्वर धरणारा, श्वास न तुटू देता.
माझ्या वडिलांच्या लग्नाच्या अल्बमांत तो आहे,
म्हणजे त्याचं कोपर आहे, सनईचं टोक आहे,
एकदा नुसता फुगलेला अर्धा गाल.
नवरानवरी मधोमध, मंगलाष्टकांचे हात वर,
आणि कडेला बाबांनी प्रत्येक वेळी कापलेला बाबली.

बाबा शिकवायचे : नजर जिकडे, मोकळी जागा तिकडे.
मी उलट केलं.
तिपाई सरकवली, लवूकाका फ्रेमच्या काठाला नेले,
इतके, की फेट्याचा तुरा जेमतेम आत राहिला.
त्यांच्या खांद्यामागे सगळी भिंत घेतली,
खुंटी, खुंटीला पिशवी,
पिशवीतून डोकावणारा दुसऱ्या सनईचा पितळी काठ.
पोरगा झाकण सांभाळत तिथेच टेकत होता.
‘थंय बसा नको,’ लवूकाका न वळता म्हणाले.

मग फुंकलं.
खोटं नाही. फाटका, घोगरा, मध्येच विझणारा आवाज,
पण खरा.
कौलाखालच्या उजेडातली धूळ हलली.
बोटं हलल्यामुळे पुसट आली, डोळा तेवढा टोकदार.
फ्लॅश पिशवीतच राहिला.

पंचायतीतला कारकून म्हणाला, अर्धी तर भिंतच आहे मॅडम,
कापून आणा.
कापून दिला. अर्ज तालुक्याला गेलाय,
पुढचं माहीत नाही.

न कापलेला, मोठा, मी निवतीला पोचवला.
लवूकाकांनी तो दाराच्या उजेडात धरला, लांब केला, जवळ आणला,
स्वतःकडे पाहिलंच नाही.
खांद्यामागच्या भिंतीवर बोट ठेवलं.
‘हो बरो इलोहा.’
समुद्रावर कोणाचं तरी इंजिन धडधडत होतं.
मग गालाकडे बघून :
‘माझो मात्र बेडूकच केलंस.’