तेरावी पोकळी

ओगलेवाडीच्या मागं, रुळांच्या अलीकडं
पत्र्याच्या शेडमध्ये एक भिंत उभी आहे,
चार फूट जाड. तिच्या आड कुणी राहत नाही.
पलीकडंही शेडच आहे, आणि एक सायकल.

खरी भिंत समुद्राकाठी उठायची आहे,
अणुभट्टीला कवेत घेऊन.
ही तिची तालीम.
ढाणे मॅडमनी नकाशात बारा पोकळ्या आखल्या,
आम्ही त्या हातानं पेरल्या:
थर्मोकोलचे तुकडे, पाणी भरलेला फुगा,
गोणपाटात बांधलेली कोरडी खडी,
शीथच्या पोटाखाली, सळ्यांच्या गर्दीत,
जिथं काँक्रीट जायला कंटाळतं.
मग ओतलं. मग अठ्ठावीस दिवस पाणी मारलं.
वही माझ्याकडं. बाराही जागा लाल शाईत.

इलाही मुजावरांना नकाशा दाखवायचा नाही, असं ठरलेलं.
ते मसूरहून आले, एसटीनं,
पिशवीत भाकरी आणि पावशेराची हातोडी.
लाटा काढणारं यंत्र होतं आमच्याकडं,
त्याच्याकडं त्यांनी व्याह्याकडं बघावं तसं बघितलं
आणि मान जराशी कलती ठेवून
ठोकायला लागले. वीतभर अंतरानं. रांगेनं.
ठण्ण. ठण्ण. ठण्ण.
ठप्प.
खडूचा गोल.

"भरीव असली तर उलट बोलती," म्हणाले,
"पोकळ नुसतं हो म्हणती."

जेवणापर्यंत अकरा. चहानंतर बारावी,
अगदी तळाला, फुग्याची.
मॅडम टाळी वाजवायच्या बेतात होत्या.
ते थांबले नाहीत.
डावा कोपरा, छातीची उंची,
ठप्प.
परत. ठप्प.
गोल काढला, ताटाएवढा.
मी वही चाळली, पुढून, मागून.
तिथं आम्ही काहीच पेरलं नव्हतं.

"दुष्काळात तेरावा महिना," कुणीतरी म्हणालं,
आणि ते हसणं पत्र्याला लागून तसंच खाली पडलं.

निवास पाटोळे पाण्याच्या पिंपापाशी उभा होता.
व्हायब्रेटरची सुई त्याच्या हातात असते.
भिंतीकडं न बघता बोलला:
सातव्या थराला लाईट गेलती.
जनरेटर धरंपर्यंत चार-पाच मिनिटं.
वरनं माल येतच होता. मी बांबूनं कोचलं.
सांगणार होतो.

कुणी काही बोललं नाही.
मॅडमनी खडूच्या गोलावर तळहात ठेवला,
ताप बघतात तसा.
"बारा राहू द्यात," म्हणाल्या. "आधी ही."

दोन भोकं पाडली, एक खाली, एक वर.
हवा मारली, धुऊन घेतलं,
पिठल्याएवढा पातळ ग्राउट खालून चढवला.
इलाहीभाईंचा डोळा दाबाच्या काट्यावर.
घाई नको, जास्त रेटलं तर पापुद्रा सुटंल,
बरं करायला गेलो आणि भिंत दुभंगली असं होईल.
वरच्या भोकातून आधी नुसती फुसफुस,
मग गढूळ पाणी, मग राखाडी, पांचट,
आणि कितीतरी वेळानं तोच माल, जो खालून जात होता.
तेव्हा कुठं लाकडी खुंटी ठोकली.
खालची नळी निवासनं धरलेली,
मनगटावरचं घड्याळ सिमेंटनं बुजलेलं.

सात दिवसांनी: ठण्ण.
इलाहीभाईंनी हातोडी निवासच्या हातात दिली.
त्यानं गोलात एकदा ठोकलं, मग हळू, परत एकदा.
मग गोलाच्या बाहेर. मग शिडी लावून वरपासून
सगळी भिंत,
कुणी सांगितलेलं नसताना,
संध्याकाळची पॅसेंजर निघून जाईपर्यंत.

मी वही लिहायला बसले.
तक्त्यात बाराच ओळी छापलेल्या,
तेरावीसाठी पट्टीनं रेघ मारली.
कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत
'मुद्दाम', 'मुद्दाम', 'मुद्दाम'.
तिथं पेन इतका वेळ टेकलं
की शाईचा ठिपका पडला, डाळीएवढा.
त्याच्या शेजारी लिहिलं:
चार-पाच मिनिटं.