वहीतला मंगळवार

प्रशिक्षकाने मंगळवारसमोर
दोनच शब्द लिहिलेत : काही नाही.
शुशानिक ते पुन्हा वाचते.
काही नाही म्हणजे किती किलो?

येरेवानहून मिनीबसने ती मावशीकडे येते,
जर्दाळू उतरवायच्या दिवसांत.
तळव्यांच्या घट्ट्यांत अजून पांढरी पूड,
तीनदा हात धुऊनही.

बादली भरते. ती वाकते,
पाठ ताठ, टाचा रोवलेल्या, श्वास कोंडलेला.
"अगं, जर्दाळू आहेत ते,"
हायकानुश मावशी शिडीवरून हसते,
"इथं पंच कुणी नाही."
शुशानिकलाही हसू येतं, जरा उशिराच,
दुखऱ्या गुडघ्याला बर्फ कळावा तसं.

मग तिला बसायचं काम मिळतं :
फळ उकलायचं, बी काढायची,
दोन्ही फोडी उन्हाकडे तोंड करून
फळीवर मांडायच्या.
पहिली चार फळं तिच्या मुठीतच चिरडतात.
जोर लावायला बारा वर्षं गेली,
काढून घ्यायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

दुपारी ती झाडाखाली आडवी होते.
बाकूत हुकलेले दोन किलो
सवयीने येऊन उशाशी बसतात.
ती त्यांना हाकलत नाही.
एक माशी येते, जाते.

जाग येते तेव्हा सावली कुंपणापलीकडे,
गालावर चटईचे वळ,
मावशी दगडाने बिया फोडत बसलेली.
"उद्या किती उचलायचंय गं?"

शुशानिक तोंड उघडते.
आकडा
आठवत नाही.